शिट्टीबाई आणि घरातल्या घरात ट्रिप

शाळेने शिट्टीबाईंना निवृत्त केलं तेव्हा फुलं दिली, भाषणं केली, कपाटाच्या किल्ल्या मोजून परत घेतल्या आणि गळ्यातली शिट्टी तेवढी मागायची विसरली. शाळा विसरली म्हणून बाईंनीही आठवण करून दिली नाही. आता ती शिट्टी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असते, आणि घरातल्या कुणी हाकेला ओ दिली नाही की वाजते. शेजारी नवीन राहायला आलेल्या गृहस्थांनी सुरुवातीला दोनदा धावत जाऊन स्वतःचा कुकर बंद केला होता म्हणे.

कागदोपत्री बाई खेळ शिकवायच्या. जीव मात्र सहलीत. सहल त्यांच्याशिवाय निघायची नाही आणि निघाली तर बाकीचे शिक्षक आजारी पडायचे. आदल्या आठवड्यात त्या सभा घ्यायच्या आणि एकेका पोराला समोर उभं करून विचारायच्या: कसली औषधं चालू आहेत? घरात कुणाला काय आजार आहे? आणि आज घरून भांडून तर आला नाहीस? मग बसमध्ये मोजणी. बाई आकडा म्हणणार, पोराने "आहे" म्हणायचं. शेवटी बाई विचारणार, "कोण राहिलं?" आणि अख्खी बस ओरडणार, "कोणी नाही."

तळ्यावर गेल्यावर त्या "पाण्यात जाऊ नका" असं कधी म्हणत नसत. नाही म्हटलं की पोरं झाडामागून जातात आणि मग शोधायचं कुठे, असा त्यांचा हिशेब. त्या सरळ साडी खोचून पाण्यात उतरत, जिथे खोल सुरू होतं तिथे जाऊन उभ्या राहत आणि म्हणत, "माझ्यापर्यंत या. माझ्या पलीकडे नाही." मुख्याध्यापकांना ते बघून घाम फुटायचा, पण पोरं सगळी परत यायची.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी का म्हणून विचारलंच, तर "वेळ कुठे होता, दर वर्षी सहल असायची," असं सांगून समोरच्याची बोलती बंद करतात. राहतात थोरल्या भावाच्या घरी. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. काही वर्षांपूर्वी दुकानातच, हातात कुणाचंसं मनगटी घड्याळ असताना, हृदय बंद पडून गेला. मागे राहिल्या वहिनी, दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून दुखऱ्या दातांना वेळ देणाऱ्या. आणि टिल्लू. लहानपणी एवढासा होता म्हणून टिल्लू. आता दारातून वाकून आत येतो, छापखान्यात जाहिराती बनवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

दादाला बीपी होतं. म्हणजे घरात तसं म्हणायचे. रात्री जेवण झालं की बीपीची गोळी. टिल्लू शाळेत असताना त्याला कुणीतरी सांगितलं, बीपीला मीठ वाईट. झालं. त्या दिवसापासून पोरगं बापाच्या ताटावर पहाऱ्याला बसलं. उकडलेल्या अंड्यावर दादाने मीठ भुरभुरवलं की हा चमच्याने खरवडून काढायचा. दादा निमूट अळणी अंडं खायचा आणि बायकोकडे बघून हसायचा.

तर एके दिवशी हा टिल्लू गॅलरीत फोनवर बोलत होता. "शनिवारी ट्रिप नक्की," तो म्हणाला, "तिकिटं पण आलीत."

आत शिट्टीबाई सफरचंद कापत होत्या. ट्रिप हा शब्द ऐकून त्यांची सुरी हवेतच थांबली. निवृत्तीनंतर हा शब्द त्यांच्या कानावरून गेला नव्हता. त्या तशाच गॅलरीत गेल्या.

"कुठली ट्रिप रे?"

टिल्लू दचकला. "काही नाही गं आत्या. मित्रांची."

"तिकिटं आली म्हणालास. किती जणांची?"

"तीन होती. फार्मसी नको म्हणाली. म्हणजे मी आणि सायलेन्सर."

ही दोघं बाईंच्या ओळखीची. सायलेन्सर म्हणजे टिल्लूचा शाळेपासूनचा मित्र; त्याच्या मोटरसायकलला सायलेन्सर नाही आणि त्याच्या तोंडालाही नाही. फार्मसी म्हणजे औषधांचं शिक्षण घेणारी मैत्रीण. ती आली की टिल्लू केस विंचरतो, एवढं बाईंनी टिपून ठेवलं होतं.

"ती का येत नाही?"

"येणार आहे. पण ट्रिपवर नाही. ती नुसती आमच्याजवळ बसणार."

"शहाणी आहे पोरगी. एक न हिंडणारं माणूस हवंच, सामान कोण राखणार? परत कधी?"

"संध्याकाळ होईल. आठ-दहा तास लागतात म्हणे, कधी जास्त."

"म्हणे म्हणजे? रस्ता विचारून ठेवला नाहीस?"

"रस्ता ज्याचा त्याचा वेगळा असतो, आत्या."

"दोघं जाणार आणि दोन रस्त्यांनी? छान. आणि पोटात ढवळतं का कुणाच्या?"

"सुरुवातीला मळमळतं असं वाचलंय."

"मग त्याला खिडकीशी बसव."

"खिडकी नको. फार्मसीने सांगितलंय, खिडक्या बंद ठेवायच्या. सायलेन्सरचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे ना."

शिट्टीबाईंनी सफरचंदाची फोड तोंडात घातली आणि ती चावायला विसरल्या. आयुष्यभरात त्यांनी तळी, किल्ले, बागा, एकदा तर बिस्किटांचा कारखानासुद्धा पोरांना दाखवला होता. फ्लॅट दाखवायला सहल नेलेली त्यांच्या ऐकिवात नव्हती. त्या पुढे विचारणार तोच वहिनी कामावरून आल्या आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाल्या, "ट्रिपला चाललायस? जा बाबा जा. घरात बसून बसून तोंड उतरलंय तुझं. डबा मी देते."

टिल्लू लाल झाला आणि आंघोळीला पळाला. संध्याकाळची आंघोळ. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी फार्मसी एक पुस्तक परत करायला आली. टिल्लू घरी नव्हता. बाईंनी तिला चहाला बसवलं, दार लावलं आणि दारापुढे स्वतःची खुर्ची ठेवली. "हं. आता सांग. फ्लॅटमध्ये बसून लोक जातात कुठे?"

पोरगी मुळात खरं बोलणारी, आणि वाटही अडवलेली. तिने सगळं सांगितलं. तिकीट म्हणजे पोस्टाच्या तिकिटाच्या कोपऱ्याएवढा कागद. त्यावर औषध चढवलेलं असतं. जिभेवर ठेवला की माणूस बसल्या जागी भलतीकडे जातो. रंग हलतात, भिंती श्वास घेतात, वेळ ताणला जातो. कुणाला फार सुंदर वाटतं, कुणी भीतीने अर्धमेलं होतं, आणि कोणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. शिवाय कायद्याने बंदी.

"आणि तू यांना अडवत नाहीस?"

"अडवलं, आत्या. सायलेन्सर म्हणाला, मग तुला न सांगता घेऊ. त्यापेक्षा मी शेजारी बसलेली बरी."

ती पोरगी पाण्यात जाऊन उभी राहिली होती, दुसरं काय.

"जे विचारायचं ते मी विचारलंय," फार्मसी पुढे म्हणाली. "मनासाठीच्या काही गोळ्या चालू असतील तर याच्याबरोबर झटके येऊ शकतात. तसलं दोघांना काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात जवळच्या कुणाला भास होण्याचा, डोक्याचा ताबा सुटण्याचा आजार झाला असेल तर याच्या वाटेलाच जायचं नाही. झोपलेला आजार यानं जागा होऊ शकतो, आणि तो मग संध्याकाळी उतरत नाही. तेही विचारलं. दोघंही म्हणाले, घरात तसं कुणी नाही."

शिट्टीबाईंनी कप खाली ठेवला.

कारण दादाला बीपी कधीच नव्हतं. टिल्लूच्या वयाचा असताना मित्रांबरोबर कुठेसं जाऊन दादाने काहीतरी खाल्लं होतं. परत आला तो झोपेना. घरातली घड्याळं आपल्याबद्दल आपसांत बोलतात असं म्हणायला लागला आणि त्यातलं कुठलं फितूर आहे ते शोधायला त्याने सगळी उघडली. बाई तेव्हा शिकत होत्या. चहूकडे पसरलेली चाकं आणि मधोमध बसलेला भाऊ, हे त्यांनी दारातून पाहिलं होतं. त्या खाण्याने झालं की व्हायचंच होतं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दवाखाना झाला, दोनदा झाला. मग गोळी लागू पडली आणि माणूस परत आला, कामाला लागला, हसायला लागला. गोळी तेवढी जन्माची राहिली. तिला घराने नाव दिलं, बीपीची. दादा गेल्यावर वहिनींनी नणंदेचा हात धरून शब्द घेतला: पोराला यातलं काही कळता कामा नये.

सरळ जाऊन टिल्लूच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं बाईंना वाटलं. पण तो दारातून वाकून आत येतो. मुस्काटात द्यायला स्टूल लागलं असतं. आणि "जाऊ नकोस" म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. तेव्हा त्यांनी तिसरीच युक्ती काढली. सभा घ्यायची. असे खोडे घालायचे की खरं कारण सांगायची वेळच येऊ नये.

वहिनी कामावर गेलेल्या बघून त्यांनी तिघांना बोलावलं आणि शिट्टी वाजवली. शेजारी काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"मला सगळं कळलंय," बाई म्हणाल्या. टिल्लूने फार्मसीकडे पाहिलं, फार्मसीने छताकडे. "मी आरडाओरडा करणार नाही. पण माझ्या घरातली ट्रिप माझ्या पद्धतीने निघेल. तिकिटं दाखवा."

सायलेन्सरने पाकिटातून तो कागद काढला. बाईंनी चष्मा लावून पाहिला. "हे? एवढ्याशासाठी? यावर आहे ते तुम्ही म्हणता तेच, कशावरून? विकणाऱ्याने सांगितलं म्हणून? उद्या तो गोंद लावून देईल."

खोडा पहिला. पण फार्मसीने तपासायचं औषध आणलेलं होतं. तिने तिसऱ्या तिकिटाचा कोपरा कापून थेंब टाकला. कागद जांभळा झाला. "आहे ते तेच," ती म्हणाली, "पण किती आहे आणि सोबत आणखी काय, ते हा थेंब सांगत नाही. म्हणून पूर्ण घ्यायचं नाही, आणि चढत नाही म्हणून वर आणखी तर मुळीच नाही. उशिरा चढतं, आणि मग दोन्ही मिळून चढतं."

सायलेन्सर म्हणाला, "मी तर बिअरपण आणणार होतो."

"आण," बाई म्हणाल्या, "आणि तुझ्या मोटरसायकलच्या टाकीत ओत. पोटात नाही."

खोडा दुसरा: जागा. गच्चीचं दार उघडं, कठडा सायलेन्सरच्या गुडघ्याएवढा. सायलेन्सर म्हणाला, कुलूप घालू, किल्ली फार्मसीकडे देऊ. खोडा तिसरा: मोटरसायकल. चावी दुसऱ्या दिवसापर्यंत आत्यांकडे, म्हणाला. खोडा चौथा: कुणाला झटका आला, अंग तापलं, छातीत दुखलं, शुद्ध गेली तर? फार्मसी म्हणाली, तर मी रुग्णवाहिका बोलावणार आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगणार, मग पोलीस येवोत की आणखी कोणी. दोघांनी मान डोलावली. नुसतं घाबरलं तर? तर दाबून धरायचं नाही, वाद घालायचा नाही, दुसऱ्या खोलीत न्यायचं, आवाज कमी करायचा, आणि हे औषधाचं आहे, उतरणार आहे, असं सांगत शेजारी बसायचं.

बाईंची मोठी पंचाईत झाली. त्या खोडा घालतायत आणि ही पोरं तो उचलून बाजूला ठेवतायत. त्यांच्या युक्तीने ट्रिप बंद पडायच्या ऐवजी चांगली ठाकठीक व्हायला लागली. घाईघाईने त्यांनी सायलेन्सरला गाठलं. "घरून भांडून तर आला नाहीस?"

सायलेन्सरने चावी बोटाभोवती फिरवली. मग म्हणाला, "ती सोडून गेली ना मला. मागच्या महिन्यात."

"प्रेमभंग झालेल्याला मी बोटीत बसवत नाही. तुझी सहल रद्द."

"बरोबर आहे," फार्मसी म्हणाली. "मन असं असताना नकोच."

सायलेन्सरने थोडी कुरकुर केली, पण त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता. बाईंना वाटलं, जिंकलं. एकट्याने कोण जाणार?

"मी जाणार," टिल्लू म्हणाला. "मला जायचंय. मला औषध नाही, भांडण नाही. घरात कुणाला काही नाही. बाबांना बीपी होतं, तेवढंच."

त्याने हे बाईंकडे बघून, अगदी निवांत सांगितलं. बाईंनी शिट्टी तोंडात धरली, ती वाजली नाही. "सभा तहकूब," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

संध्याकाळी त्या वहिनींच्या मागे लागल्या. वहिनी कपडे घड्या करत होत्या.

"वहिनी, टिल्लूला सांगूया का? दादाचं."

वहिनींचा हात उशीच्या अभ्र्यावर थांबला. "आज काय एकदम?"

आता आली का अडचण. पोराचं गुपित एका खिशात, त्याच्या आईचं दुसऱ्यात, आणि मधे या. पोराचं फोडलं तर शनिवारी तो झाडामागून जाणार. "असंच," बाई म्हणाल्या. "मोठा झालाय तो."

"वन्सं, शब्द दिलाय तुम्ही. उद्या तो स्वतःकडेच संशयाने बघायला लागेल. जरा उदास झाला की वाटेल, आलं. कशाला हवाय तो शिक्का पोराच्या कपाळावर?" वहिनींचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी ते अभ्र्याला पुसले आणि विचारलं, "ट्रिपला अंडी देऊ का उकडून? टिकतील ना संध्याकाळपर्यंत?"

शनिवारी सकाळी वहिनींनी डबा भरला. अंडी, पाव-लोणी, केळी, मिठाची पुडी वेगळी. टिल्लूच्या हातात स्वेटर कोंबला. "पाण्यात जपून," म्हणाल्या. "आत्या सोडायला येतायत, बरं झालं."

दोघं चालतच निघाली. न्हाव्याच्या दुकानासमोर सिग्नल लागला तेव्हा टिल्लू आपणहून बोलला. "रागावलीस ना? मला मजा करायची नाहीये, आत्या. मी वाचलंय, काही जणांना त्यात गेलेली माणसं भेटतात. खरी नाहीत, कळतंय मला. पण मला बाबांशी एकदा बोलायचंय. सकाळी दुकानात गेले ते गेलेच. काही बोलणंच झालं नाही."

सिग्नल सुटला. शिट्टीबाई जागच्या हलल्या नाहीत. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत राहिला आणि शेवटी वळसा घालून गेला.

फ्लॅटमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे होतं. गच्चीला कुलूप, खिडक्या लावलेल्या, जमिनीवर गाद्या, पाण्याचा जग, दाराजवळ रुग्णवाहिकेचा नंबर. सायलेन्सरने न मागता चावी बाईंच्या हातात ठेवली. फार्मसी कात्री घेऊन बसली होती, समोर बशीत तो कागद.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मोजणी झाल्याशिवाय माझी सहल हलत नाही. एक?"

"आहे," सायलेन्सर म्हणाला.

"दोन?"

"आहे," फार्मसी म्हणाली.

"तीन?"

"आहे," टिल्लू हसून म्हणाला.

"चार?"

टिल्लूने इकडेतिकडे पाहिलं. "चौथं कोण, आत्या? तू?"

"मी मोजणारी. चार नंबर तुझे बाबा." बाई गादीवर बसल्या. "तो तुझ्या आधी जाऊन आलाय अशा ट्रिपला. तुझ्याच वयाचा होता. आणि परत यायला त्याला फार वेळ लागला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळं, दवाखाना, गोळी. काही गाळलं नाही आणि काही वाढवलं नाही. फार्मसीने कात्री कधीच खाली ठेवली होती.

"बीपी नव्हतं?" टिल्लूने विचारलं.

"नव्हतं."

"कधीच?"

"कधीच नव्हतं."

रागाने टिल्लूचे कान लाल झाले होते. "मी त्यांच्या अंड्यावरचं मीठ काढून घ्यायचो. रोज. चमच्याने. आणि तुम्ही तिघंही बघत बसायचात. आयुष्यभर अळणी खाल्लं त्यांनी, माझ्यापायी."

"मी एकदा म्हटलं होतं त्याला, सांगून टाक आणि नीट खा," बाई म्हणाल्या. "तर म्हणाला, राहू दे गं. माझी काळजी घ्यायला आवडतं त्याला. मिठाचं काय एवढं."

तेव्हा मात्र टिल्लू रडला. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान असताना रडायचा तसा. कुणी त्याला गप्प केलं नाही. शिट्टीबाई शेजारी बसून राहिल्या. भेटायचं होतं ना त्याला बापाला.

"मला होईल का तसं?" खूप वेळाने त्याने विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक होणारही नाही. पण खोल कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि मी तिथे उभी आहे. माझ्या पलीकडे जाऊ नकोस, एवढंच."

टिल्लूने बशी फार्मसीकडे सरकवली. तिने कागद आणि कात्री दोन्ही उचलून मोरीत नेली आणि कागद कापून पाण्यात वाहून टाकला. सायलेन्सरने घसा खाकरला आणि विचारलं की अंडी खायला आता हरकत नाही ना. खाताना टिल्लूने मिठाची पुडी उघडली आणि आपल्या अंड्यावर इतकं मीठ घातलं की फार्मसीला बघवेना.

घरी आले तेव्हा वहिनींनी दार उघडलं. "एवढ्यात? गर्दी होती का?" मग त्यांनी मुलाचे डोळे पाहिले, नणंदेचा चेहरा पाहिला आणि त्या तिथेच, चपलांच्या फळीवर बसल्या.

"मी शब्द मोडला," शिट्टीबाई म्हणाल्या. "का मोडला तेही सांगते, ते ऐकून तुम्ही आम्हा दोघांना मारलंत तरी चालेल."

वहिनींनी ऐकून घेतलं. मारलं नाही. तिकिटांचं ऐकताना मात्र त्यांनी टिल्लूच्या हातातला स्वेटर ओढून घेतला आणि तो छातीशी घट्ट धरून बसल्या.

"तुला कधी कळलं, आई?" टिल्लूने विचारलं. "लग्नानंतर?"

"छे. पहिल्या भेटीत. हॉटेलात भेटलो होतो. चहा यायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. घड्याळं उघडल्याचंसुद्धा."

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

"चहा यायच्या आत खरं बोलणारा माणूस दुसरा भेटला नव्हता मला," वहिनी म्हणाल्या.

"मग मला का नाही सांगितलंत?"

वहिनींनी त्याचा हात धरला, आणि तो धरू दिला त्याने.

पुढे टिल्लू फार्मसीला बरोबर घेऊन एका डॉक्टरांना भेटून आला. आपण होऊन गेला. झोप सांभाळ, असल्या वाटेला जाऊ नकोस, कधी काही वेगळं वाटलं तर लगेच ये, लपवू नकोस, असं त्यांनी सांगितलं. हे त्याने दोघींना जेवताना सांगितलं, आणि घरी पहिल्यांदाच त्या आजाराचं खरं नाव मोठ्याने घेतलं गेलं. छत काही कोसळलं नाही.

आणि आता गंमत ऐका. मध्यंतरी शिट्टीबाईंना चक्कर आली. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून हवा भरली, भुवया वर केल्या आणि गोळी लिहून दिली. रात्री जेवणं झाल्यावर बाईंनी पाकीट फोडलं आणि सहज सांगितलं, "बीपीची गोळी."

वहिनींचा घास हातातच राहिला. टिल्लू उठून उभा राहिला.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "काय ऐकू येतंय तुम्हाला?"

"अहो, बीपी आहे. खरं बीपी."

"नक्की?" टिल्लूने विचारलं.

"देवाशपथ."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पाकीट हिसकावून घेतलं, दिव्याखाली धरून एकेक अक्षर वाचलं, त्याचा फोटो काढून फार्मसीला पाठवला आणि तिचं उत्तर येईपर्यंत आत्याला जागेवरून हलू दिलं नाही. उत्तर आलं. बीपीचीच होती.

मग तो खाली बसला. आत्याच्या ताटात उकडलेलं अंडं होतं, नुकतंच मीठ घातलेलं. त्याने चमचा उचलला आणि डोकं खाली घालून ते मीठ खरवडून काढायला लागला. शिट्टीबाईंनी वहिनींकडे पाहिलं, आणि अंडं त्याच्यापुढे जरा सरकवून दिलं.